जुन्या गाडीची दारे आणि त्यांची कुलुपे

दुसऱ्याच्या हातची मोटारगाडी विकत घेण्यास निघालेला गृहस्थ इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो, टायरची झीज वाकून पाहतो, क्लच किती उंचीवर पकडतो याची चौकशी करतो आणि मीटरवरच्या किलोमीटरांच्या आकड्याविषयी चेहऱ्याने तरी अविश्वास दर्शवितो. परंतु चारही दारे आतून आणि बाहेरून, किल्लीने आणि बटणाने, एकेक करून उघडून व लावून पाहण्याची तसदी तो सहसा घेत नाही, कारण ती तपासणी त्याला क्षुल्लक वाटते आणि विक्रेत्यादेखत इतका बारीक संशय दाखविणे त्याला प्रशस्त वाटत नाही. व्यवहार पुरा होतो, पावसाळा लागतो, आणि एके दिवशी मागचे डावे दार आतूनही उघडेना आणि बाहेरूनही उघडेना, अशी अवस्था होते. गॅरेजातला मिस्त्री पॅड न खोलताच निकाल देऊन मोकळा होतो : "साहेब, सेंटर लॉकच गेलंय. पूर्ण सेट टाकून घ्या." हा निकाल बहुतेक वेळा पुराव्यावाचून दिलेला असतो, हे मला येथे मांडावयाचे आहे. दाराच्या कुलपाची तक्रार जेथे दिसते तेथे तिचे मूळ क्वचितच असते. आणि ते मूळ शोधू लागले म्हणजे गाडीचा पूर्वेतिहासही, विक्रेत्याने न सांगितलेला, आपोआप हाती येतो.

दारात वस्तुतः तीन निरनिराळ्या यंत्रणा एकत्र नांदतात. पहिली कडी, जी दाराला गाडीच्या खांबाशी धरून ठेवते. दुसरी कुलपाची योजना, जी हँडल आणि कडी यांच्यातला संबंध तोडते, म्हणजे हँडल ओढले तरी ओढ कडीपर्यंत पोहोचू देत नाही. आणि तिसरी विजेची छोटी मोटर, जी आपल्या बोटांऐवजी ही जोड-तोड करते. यांपैकी बिघाड कोणाचा, हे ठरविल्यावाचून पैसे खर्च करणे म्हणजे आरोपीचे नाव न विचारता शिक्षा फर्माविण्यासारखे आहे.

कडीची परीक्षा करण्यास स्क्रू-ड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही. दार सताड उघडे ठेवून त्याच्या कडेला पाहिले असता एका फटीत दोन बोटांचा पोलादी आकडा दिसतो. खांबावर घट्ट बसविलेल्या पोलादी कड्यावर दार आपटले, की हा आकडा फिरून त्या कड्याला कवटाळतो आणि मागून एक खटका त्याच्या खाचेत पडून त्याला परत फिरू देत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने आकडा हलकेच आत ढकलावा. एकामागून एक असे दोन 'टक' ऐकू आले पाहिजेत. मग बाहेरचे हँडल ओढावे, म्हणजे आकडा झटक्यासरशी मोकळा होतो. तो रेंगाळत, आळसावून परत आला, तर आतले ग्रीस वाळून गाद झाले आहे असे समजावे. दुसरा टक आलाच नाही, तर गंज किंवा माती आहे असे समजावे. दार लागतच नाही, आपटले तरी धडकून परत येते, या तक्रारीचे कारण तर पुष्कळदा हास्यास्पद असते : कोणीतरी, बहुधा एखाद्या मुलाने, दार उघडे असता आकडा बोटाने बंद करून ठेवलेला असतो. हँडल एकवार ओढले की रोग बरा! याच कारणासाठी संपूर्ण कडी बदलून दिल्याची बिले करणारे महाभागही या जगात आहेत.

त्या दोन टकांना अर्थ आहे. पहिल्या टकाला दार अर्धवट लागलेले असते, दुसऱ्याला पुरते. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या २०६ क्रमांकाच्या संघीय मानकानुसार पुरत्या लागलेल्या कडीने सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने अकराशे किलो वजनाएवढी ओढ सोसली पाहिजे. अर्धवट लागलेल्या कडीकडून मात्र ४,५०० न्यूटनांच्या आसपासच अपेक्षा ठेवली जाते. युरोपात आणि अन्यत्र याच विषयाचा संयुक्त राष्ट्रांचा ११ क्रमांकाचा विनियम आहे. अपघातात दार उघडून माणूस बाहेर फेकला गेला, की त्याच्या वाचण्याची शक्यता फार घटते, या अनुभवातून हे नियम आले. तेव्हा डॅशबोर्डावर दार उघडे असल्याचा तांबडा दिवा लागत असता "तो दिवा असाच लागतो हो, सेन्सरची खोडी आहे" असे विक्रेता सांगू लागला, तर ते म्हणणे सभ्यपणे ऐकून घ्यावे आणि स्क्रू-ड्रायव्हर काढावा.

आता पाण्याविषयी, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण आपल्याकडील कुलपांच्या निम्म्याअधिक व्याधींचा उगम, माझ्या मते, पावसात आहे. काचेलगतचे रबरी बीडिंग सर्व पाणी बाहेर अडविते, हा समज भ्रामक होय. कारखान्यालासुद्धा तशी आशा नसते. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, असे गृहीत धरून दाराच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात आणि आतल्या पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा पडदा चिकटविलेला असतो, यासाठी की पाणी भोकांतून खाली जावे आणि पॅडकडे वळू नये. पुढे कोणी मालक हौसेने मोठे स्पीकर बसवून घेतो, ॲक्सेसरीजच्या दुकानातला पोरगा तो पडदा ब्लेडने फाडतो, आणि तो पुन्हा चिकटविण्याचे कोणाच्या ध्यानी राहत नाही. भोके धुळीने आणि पानांच्या कुजक्या चुऱ्याने बुजतात. कोकणात किंवा गोव्यात वापरलेली गाडी असेल, तर खाऱ्या हवेचीही त्यात भर पडते.

असे एखादे दार खोलताना पाहण्यासारखे असते. आतल्या हँडलच्या वाटीत झाकलेला एक स्क्रू, हात धरण्याच्या जागेखाली आणखी एक-दोन. ते काढून पॅडच्या कडेखाली बोटे घातली, की प्लॅस्टिकच्या क्लिपा टकटक निघत जातात, त्यांतल्या दोन-चार मोडतातच, आणि पॅड वर उचलून निघते. आत पडद्याच्या चिंध्या लोंबत असतात. पत्र्यावर पाणी कोठवर चढले होते त्याची मातकट रेघ असते. आणि मिस्त्री सायकलच्या जुन्या आऱ्याने तळाचे भोक टोचतो, तेव्हा काळपट पाण्याची धार त्याच्या चपलेवर पडते. कडी त्या पाण्याच्या वाफाऱ्यात महिनोन्‌महिने राहिलेली असते. ती पेट्रोलियमयुक्त फवाऱ्याने धुवावी, कोरडी करावी, पांढरे लिथियम ग्रीस भरावे, पडदा नवा चिकटवावा. एवढ्याने काम भागले तर आश्चर्य मानू नये.

किल्ली जेथे फिरते त्या बॅरलला मात्र ग्रीस वर्ज्य. त्याच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या बारीक स्प्रिंगांवर बसलेल्या असतात. ग्रीसमध्ये धूळ मिसळून त्या जागच्या जागी थिजतात. तेथे ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. घरगुती उपाय म्हणून खोबरेल तेल घालणाऱ्यांची संख्या आपल्या प्रांतात मोठी आहे. परंतु खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसखाली गोठते, हे ठाऊक असूनही, डोक्याला लावण्याच्या बाटलीवर दर हिवाळ्यात त्याचा प्रत्यय येत असूनही, महाबळेश्वरच्या सकाळी किल्ली का फिरत नाही याचे नवल करीत मंडळी गाडीपाशी उभी असतात.

कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात कारभार एवढ्यावरच संपत असे : किल्ली, सळई आणि कडी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि पुढे तिच्यासारख्या साध्या गाड्यांना बाजारातून सेंटर लॉक बसवून घेण्याची चाल पडली. या बाजारी संचात बहुधा चालकाच्या दारातील मोटरला पाच तारा असतात आणि बाकीच्या दारांतील मोटरांना दोनच. कारण चालकाचे दार लागले की उघडले याची वर्दी संचाच्या नियंत्रक पेटीला द्यावी लागते, इतरांनी नुसता हुकूम पाळावयाचा. त्या दोन तारांतून प्रवाह एका दिशेने गेला की दार लागते, उलट दिशेने गेला की उघडते. म्हणून कोणी दुरुस्ती करताना तारांची अदलाबदल केली, तर तीन दारे लागतात तेव्हा चौथे इमानेइतबारे उघडते! जुन्या गाडीत हा प्रकार दिसला, तर मोटर चांगली आहे, जोडणारा घाईत होता, एवढेच ठरते.

बाकी निदान कानाने होते. एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने दाराला कान लावावा. नुसती खर्रखर्र ऐकू आली आणि कुलपाची खुंटी हलली नाही, तर मोटर फिरते पण तिच्या प्लॅस्टिकच्या चक्राचे दात गेले आहेत. एक दबका ठोका आला, तर सळई किंवा कडी अडली आहे. काहीच ऐकू आले नाही, तर त्याच दाराची काच विजेने वरखाली होते का पाहावे. तीही बंद असेल तर मोटरला दोष न देता दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी सोलून पाहावी. दार उघडमीट होताना तीतील तारा रोज वाकतात आणि वर्षानुवर्षांनी आतल्या आत तुटतात, वरचे आवरण शाबूत राहून. दार अर्धे उघडे असता बटण चालते आणि लावल्यावर चालत नाही, हे त्याचे पक्के लक्षण. सगळी दारे लागून क्षणात परत उघडत असतील, तर चालकाच्या दारातील वर्दी देणारा स्विच खोटी बातमी देत आहे, किंवा एखादे दार अर्ध्या टकावर आहे. मागचे दार आतून उघडत नसेल, तर सर्वांआधी दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा खटका पाहावा. तो पाहण्याचे राहून गेल्याने पॅड खोलल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. बंद गाडीत कोंडली जाऊन मुले दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वाचनात येतात, तेव्हा आतून दार उघडण्याच्या बाबतीत हयगय मुळीच करू नये.

आता पूर्वेतिहासाकडे. एका दाराची किल्ली वेगळी आहे किंवा ती त्या बॅरलमध्ये फिरतच नाही, असे दिसले तर ते बॅरल किंवा ते दारच बदललेले असण्याचा संभव असतो. हरवलेल्या किल्लीचे निमित्त असू शकेल. अपघातही असू शकेल. त्या दाराच्या काचेवरील छाप इतर काचांच्या छापांशी ताडावा, बिजागरीच्या बोल्टांवरील रंग पान्याने खरवडला आहे का पाहावे. उघड्या दाराची कड हाताने वर उचलून पाहावी; ते हलत असेल तर बिजागरी झिजली आहे, आणि खांबावरचे कडे खाली सरकवून कोणीतरी ते झाकले आहे.

शेवटी किल्ल्या. नव्या गाडीबरोबर दोन मिळतात. जुनीबरोबर बहुधा एक. झिजलेल्या किल्लीवरून दुसरी घासून घेतली, तर झीजही तिच्यात उतरते. म्हणून शक्य तेथे किल्लीच्या क्रमांकावरून ती कापून घ्यावी. ज्या गाड्यांच्या किल्लीत इमोबिलायझरची चिप असते, तेथे चावीवाल्याने घासून दिलेली किल्ली दार उघडते, इंजिन चालू करीत नाही. जुन्या मालकाकडे, त्याच्या ड्रायव्हरकडे, दलालाकडे कोणकोणती रिमोट राहिली आहेत याची खात्री देता येत नाही, तेव्हा व्यवस्था असेल तेथे पूर्वीच्या रिमोटांची नोंद खोडून नवी करून घ्यावी. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि तेव्हा एकच पुढे केली तर दाव्याला हरकती निघतात. मालकी हक्काच्या हस्तांतरणाचे २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने सहीला येतात त्या बैठकीतच दुसरी किल्ली मागावी. "ती गावी राहिली आहे, पुढच्या आठवड्यात पाठवून देतो," असे उत्तर मिळाल्यास नव्या किल्लीचा आणि चिप जुळविण्याचा अधिकृत विक्रेत्याकडील खर्च फोनवर विचारून तो तेथल्या तेथे किमतीतून वजा करून घ्यावा. गावची किल्ली आलीच, तर पैसे परत देता येतील.