प्रवाळांचे रंग आणि त्यांची निगा

नवरत्नांतील पोवळे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी मंगळाचे रत्न म्हणून ते अंगठीत घालतो, तर कोठे आजीच्या माळेत ते मोत्यांच्या जोडीला ओवलेले असते. त्याची लाली पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यावरून साऱ्याच प्रवाळांचा रंग असा पक्का असावा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु उबदार, उथळ समुद्रात खडक रचणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी आहे. काचेच्या टाकीत प्रवाळ वाढविणाऱ्यांना तर त्यांचा रंग राखण्यासाठी नित्य दक्ष राहावे लागते. असे का, हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रवाळ ही वनस्पती आहे, असे पूर्वी विद्वानांनाही वाटे. अठराव्या शतकात पेसोनेल या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ज्यांना फुले समजत, ते वस्तुतः इवले प्राणी आहेत. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतात. दागिन्यातील पोवळ्याचा रंग त्या चुन्याच्या सांगाड्यातच मुरलेला असतो. म्हणून प्राणी मेल्यावरही तो उरतो. खडक रचणाऱ्या बहुतेक प्रवाळांचा सांगाडा मात्र पांढरा असतो. रंग असतो तो वरच्या जिवंत पेशींच्या पातळ थरात. तेव्हा तेथे रंग ही शोभा नव्हे, तर प्रकृतीची खूण होय.

हा रंग दोन प्रकारांनी येतो. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. त्यांचा रंग तपकिरी असतो. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा देतो. हिरवा, जांभळा, निळा, गुलाबी हे रंग मात्र प्रवाळाने स्वतः बनविलेल्या प्रथिनांचे असतात. त्यांपैकी काही प्रथिने प्रखर प्रकाशापासून छत्रीसारखे रक्षण करतात.

आता टाकीतील प्रवाळाकडे पाहू. तो काळपट तपकिरी दिसू लागला, तर प्रकाश अपुरा आहे किंवा पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट फार साचले आहे, असे समजावे; कारण त्यामुळे शैवालांची गर्दी होते. तो फिकट झाला, तर प्रकाश एकाएकी वाढला असेल किंवा पाण्यात पोषणच उरले नसेल. पाणी अतिशुद्ध केले म्हणजे भले होते, हा समज खरा नाही. ही दोन्ही द्रव्ये अल्प प्रमाणात लागतातच. तो पांढराशुभ्र पडला, तर शैवाले निघून गेली आणि पारदर्शक पेशींतून सांगाडा दिसू लागला, असे जाणावे. त्या क्षणी तो मेलेला नसतो, पण उपाशी असतो.

यावरून निगेचे नियम सहज ध्यानात येतात. पाण्याची उष्णता २४ ते २६ अंश सेल्सिअस असावी व ती एकाएकी बदलू नये. दर लिटरला कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम लागते. काही जण त्यासाठी शुद्ध चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडतात. पाणी सतत खेळते ठेवावे आणि नव्या प्रकाशाची सवय हळूहळू लावावी.

क्षारांचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरांच्या टाकीत साडेतीन किलो. दोन लिटर पाणी वाफ होऊन गेले, तरी क्षार तेवढेच राहतात आणि प्रमाण लिटरला ३५.७ ग्रॅमपर्यंत चढते. म्हणून ही तूट खाऱ्या पाण्याने नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने भरावयाची असते.

आमचे भैंसा गाव समुद्रापासून फार दूर. पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यातील या गावी मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी थंड राखणाऱ्या यंत्राविना येथे अशी टाकी टिकावयाची नाही. बासरवरून वाहणारी आपली गोदावरी समुद्रास मिळते, तिच्या मुखाशीही प्रवाळखडक नाहीत. गोडे पाणी व गाळ त्यांना मानवत नाही. मराठी मुलुखात प्रवाळ पाहावयाचे, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र आहे. १९८७ साली तेथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांनाही. आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा आहे. तेव्हा वरील माहिती कोणी टाकी मांडावी म्हणून आम्ही दिलेली नाही.

मग ती जाणून काय करावयाचे? टाकीत जे घडते, तेच सागरात मोठ्या प्रमाणावर घडते. पाणी उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल उष्णतेहून एखादा अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी शैवाले प्रवाळांस सोडून जातात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळ असेच पांढरे पडले. पाणी लवकर निवले, तर शैवाले परततात व रंगही परततो. उष्मा लांबला, तर प्रवाळ मरतो. टाकीचे पाणी यंत्राने थंड करता येते. समुद्राला तशी सोय नाही. कोळसा व तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो, त्याने पृथ्वी तापते आणि त्या उष्णतेचा बहुतेक भाग सागर पोटात घेतो. भैंसा येथील चूल, दिवा आणि मोटार यांचाही त्यात अल्पसा वाटा आहेच. मालवणच्या पाण्यातील रंग राखण्याचे काम म्हणून समुद्रकाठच्या लोकांपुरते नाही. ते आपल्याही घरापर्यंत येऊन पोचते.