विषाणूने पांघरलेली साखर

"मी दरवर्षी फ्लूची लस घेतो, मग बर्ड फ्लूपासूनही माझे रक्षण होईल ना?" कोंबड्यांमधील साथीची बातमी आली की ज्येष्ठ मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. दुर्दैवाने उत्तर नकारार्थी आहे. हंगामी फ्लूची लस बर्ड फ्लूसाठी बनविलेली नसते. मग बर्ड फ्लूची खात्रीशीर लस बनविणे इतके अवघड का? त्यामागील अनेक कारणांत एक कारण आहे साखरेचे. मधुमेही वाचकांनी दचकू नये. रक्तातील साखरेशी हिचा संबंध नाही. ही साखर विषाणूच्या अंगावरची आहे.

ओळख लपविणारे आवरण

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. 'एच५एन१' या नावातील 'एच' तो हाच. त्याच्या आधारे विषाणू आपल्या पेशीला चिकटतो. लस शरीराला या प्रथिनाची ओळख करून देते आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते.

विषाणू स्वतःची प्रथिने स्वतः घडवू शकत नाही. तो ती आपल्या पेशीकडून घडवून घेतो. हे करताना पेशी त्या प्रथिनाच्या ठरावीक जागी शर्करेच्या साखळ्या जोडते. या क्रियेला 'ग्लायकोसायलेशन' म्हणतात. या साखळ्यांमुळे प्रथिनाला योग्य आकार येतो. पण त्याखालचा भागही झाकला जातो. शिवाय शर्करा आपल्याच पेशीने जोडलेली असल्याने शरीराला ती परकी वाटत नाही. उपरण्याने तोंड गुंडाळून आलेल्या चोरासारखीच ही गत; पहारेकरी जागा असूनही ओळख पटत नाही.

ज्येष्ठांना लाभलेली जुनी ओळख

२००९ मधील स्वाइन फ्लूची साथ पुणेकरांच्या स्मरणात असेल. त्या साथीत तरुणांच्या मानाने वृद्धांना लागण कमी झाली. संशोधकांना असे आढळले की, त्या विषाणूच्या प्रथिनाचा माथा १९१८ च्या महासाथीतील विषाणूशी मिळताजुळता होता आणि दोन्हींच्या माथ्यावर नंतरच्या हंगामी विषाणूंसारखे शर्करेचे आवरण नव्हते. बालपणी जुन्या विषाणूंशी गाठ पडलेल्यांच्या शरीराला हा चेहरा काहीसा ओळखीचा होता.

अंड्यात हरवलेली खूण

फ्लूच्या बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार होतात. अंड्यात नीट वाढण्यासाठी विषाणू स्वतःत लहानसे बदल करतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले की, त्या काळी पसरलेल्या 'एच३एन२' विषाणूवर शर्करेची एक नवी साखळी होती. परंतु अंड्यात वाढविलेल्या लसीतील विषाणूने नेमकी तीच गमावली होती. त्यामुळे लसीने निर्माण केलेली प्रतिपिंडे खऱ्या विषाणूला नीट धरू शकत नव्हती. कीटकांच्या पेशींत बनविलेल्या लसीत ती साखळी टिकून होती आणि तिची प्रतिपिंडे अधिक सरस ठरली.

बर्ड फ्लूची लस

१९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये 'एच५एन१'ची १८ जणांना लागण झाली; सहा जण दगावले. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला हा रोग कोंबड्यांत आढळला. २००७ मध्ये अमेरिकेने मान्य केलेल्या लसीत प्रत्येकी ९० मायक्रोग्रॅमच्या दोन मात्रा लागत. हंगामी लसीत प्रत्येक प्रकारासाठी १५ मायक्रोग्रॅम पुरतात. तरीही अपेक्षित प्रतिसाद सुमारे ४५ टक्के लोकांतच मिळाला. म्हणून पुढील लसींत प्रतिसाद वाढविणारे सहायक घटक मिसळले गेले.

तैवानच्या 'अकादमिया सिनिका' या संस्थेतील संशोधकांनी निराळा मार्ग शोधला. 'एच५' प्रथिनावरील लांब साखळ्या छाटून त्यांनी प्रत्येक जागी शर्करेचा एकच कण ठेवला. उंदरांमध्ये या लसीने अधिक व्यापक संरक्षण दिले. साखर पूर्ण काढली तर प्रथिनाचा आकार बिघडण्याचा धोका, सगळी ठेवली तर चेहरा झाकलेला. मधला मार्ग काढण्यातच खरे कौशल्य आहे.

घरात काय करावे?

लस अपुरी ठरू शकते, म्हणून ती टाळावी असे मुळीच नाही. वयोमानाने प्रतिकारशक्ती मंदावते. अशा वेळी अर्धवट ओळखही गंभीर आजार टाळण्यास मदत करते. अमेरिकेत २०२२ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींना अधिक मात्रेची, सहायक घटक असलेली किंवा अंड्याविना बनविलेली लस प्राधान्याने सुचविली जाते. आपल्यासाठी कोणती लस योग्य, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. वृद्धांची सेवा करणाऱ्यांनीही दरवर्षी लस घ्यावी.

कोंबडी व अंडी पूर्ण शिजवूनच खावीत, कच्चे मांस हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. पक्ष्यांशी संपर्क आल्यानंतर ताप व खोकला आला, तर डॉक्टरांना तो संपर्क आवर्जून सांगावा. विषाणू आपला चेहरा झाकून येतो. आपण मात्र डॉक्टरांपासून काही झाकून ठेवू नये.