त्र्यंबुलीला बोलवायचं राहून गेलं

कोल्हापुरात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबुलीच्या, टेकडीवर जाते आणि तिथं कोहळा फोडला जातो. त्यामागची कथा अशी: कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर अंबाबाईसह सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्र्यंबुलीनं युक्तीनं तो दंड मिळवला, कामाक्षाला मारलं, देवांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसून टेकडीवर गेली, पाठ फिरवून बसली. अंबाबाईला तिची समजूत काढायला जावं लागलं.

कॉमिक्समधल्या महानायिकांचा इतिहास वाचताना मला सतत त्र्यंबुली आठवते. त्यांना ताकद द्यायला कुणी कधी कचरलं नाही. मान द्यायची वेळ आली की मात्र विसर पडतो.

वंडर वुमनचंच पाहा. मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी १९४१च्या अखेरीस तिला जन्म दिला. मनगटातल्या कड्यांवर ती बंदुकीच्या गोळ्या झेलायची. पुढच्याच वर्षी तिला ‘जस्टिस सोसायटी’ या वीरांच्या मंडळात घेतलं, ते सेक्रेटरी म्हणून! पुरुष मोहिमेवर निघायचे आणि ही बहुतेक वेळा मागे थांबायची. १९८८च्या ‘द किलिंग जोक’मध्ये बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, जोकर गोळी घालून जायबंदी करतो, तो तिच्या वडिलांना छळण्यासाठी. तिचं दुःख हा दुसऱ्याच्या गोष्टीचा कच्चा माल. नंतरच्या लेखकांनी चाकाच्या खुर्चीतल्या बार्बराला ‘ओरॅकल’ केलं, सगळ्या वीरांना माहिती पुरवणारी बुद्धिमान नायिका. ही भरपाई मला मोलाची वाटते. अशा मारल्या गेलेल्या, पंगू केलेल्या नायिकांची यादीच १९९९मध्ये गेल सिमोन यांनी मांडली. पुढे त्या स्वतः बॅटगर्लच्या लेखिका झाल्या.

या नायिकांच्या चित्रांबद्दलची तक्रार वेगळी आहे. लढताना कुणी कंबर अशी पिळत नाही, आणि तसल्या तोकड्या कपड्यांत तलवारीचा वार अंगावर घेत नाही. वाचक पुरुषच आहे असं धरून ती बाई रेखाटलेली असते. कोल्हापूरकरांनी कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा आठवावा. रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला तो घोडा मागच्या दोन पायांवर उसळला आहे आणि राणी खोगिरावर पक्की आहे. राजाराम महाराजांच्या निधनानंतर, १७०० पासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, तिनं मराठ्यांची लढाई चालवली. पुतळ्यात नजर जाते ती तिच्या आवेशावर.

कॉमिक्समध्ये हे भान यायला बायका संपादकाच्या आणि लेखकाच्या खुर्चीत बसाव्या लागल्या. संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन यांची कमला खान २०१४मध्ये स्वतःच्या मालिकेची नायिका झाली. जर्सी सिटीतली ही पाकिस्तानी वंशाची शाळकरी मुलगी. शक्ती मिळताच ती आधी सोनेरी केसांच्या जुन्या नायिकेचं रूप घेते, पण तिला ते आतून खुपतं. मग ती आपला पोशाख स्वतः करते, बुर्किनीपासून.

कोल्हापुरात चित्रकार घडवणाऱ्या कलाशाळा आहेत, कथा तर घराघरात आहे. इथल्या एखाद्या मुलीनं त्र्यंबुलीचं कॉमिक काढावं असं मला मनापासून वाटतं. त्यात कामाक्षाशी झालेल्या झुंजीला पानंच्या पानं मिळावीत, आणि रुसव्यालाही तेवढीच.