मेरापीची मोजदाद

ज्वालामुखी बघायचा म्हणून बाबादानला जाणाऱ्याला आधी कोबीची शेतं दिसतात आणि मग धुकं. मध्य जावातल्या मेरापीच्या शिखरापासून जेमतेम साडेचार किलोमीटरवर ही निरीक्षण चौकी आहे. डोंगर अगदी समोर, पण बारा वाजले की बहुधा त्याचा पत्ता नसतो. पाळीवरच्या निरीक्षकाला त्याचं काही नाही. त्याचं लक्ष सुईकडे.

कागद गुंडाळलेला ड्रम सावकाश फिरत असतो आणि भूकंपमापकाची सुई त्यावर रेघ ओढत राहते. मी बघत असतानाच रेघ जाड होऊ लागली, फुगली आणि तशीच हळूहळू निवळली. दोन्ही टोकांना निमुळती, मधे पोट सुटलेली, वालाच्या शेंगेसारखी. ‘गुगुरान,’ तो म्हणाला. म्हणजे दरड. वरचा एक तुकडा सुटून गडगडत खाली आला होता; धुक्यापलीकडे, आमच्या कानावर काहीही न येता. त्याने पट्टी लावून शेंगेची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजली, ती किती सेकंद चालली ते पाहिलं आणि वहीत दोन आकडे लिहिले. खडक आतून तडकला तर रेघ अशी फुगत नाही, एकदम उसळते आणि चटकन बसते. त्याचा रकाना वेगळा. दिवसभर हेच.

सिनेमातल्यासारखी लाव्हाची लाल नदी मेरापीवर शोधू नये. इथला लाव्हा इतका घट्ट, की तो शिखरावरच साचून घुमट होतो. घुमट वाढतो आणि कडेने ढासळतो. मोठा भाग ढासळला तर तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोट दरीतून खाली सुटतो, आणि त्याच्यापुढे पळून कुणी वाचत नाही. जमिनीखाली लपूनही वाचेलच असं नाही. जून 2006 मध्ये कालियादेमच्या काँक्रीटच्या बंकरमध्ये आसरा घेतलेले दोघे आतच दगावले.

5 नोव्हेंबर 2020 रोजी इशारा चारपैकी तिसऱ्या पायरीवर नेला, त्यात बाबादानच्या एका आकड्याचा वाटा होता. इथून उतारावरच्या परावर्तकावर लेझर सोडून अंतर मोजतात. ते तेव्हा रोज सुमारे 11 सेंटिमीटरने कमी होत होतं. डोंगर फुगून चौकीच्या अंगावर येत होता म्हणा ना. जानेवारी 2021 मध्ये नवा लाव्हा वर दिसला आणि दरडींचं हे न संपणारं सत्र सुरू झालं. 11 मार्च 2023 रोजी असाच एक मोठा लोट उतरला आणि मागेलांगकडची गावं राखेने पांढरी झाली.

दर सहा तासांनी अहवाल जातो. किती दरडी, कुठल्या दिशेला, जास्तीत जास्त किती मीटर. जगात कुठल्याही वेळी चाळीस-पन्नास ज्वालामुखी जागे असतात, पण प्रत्येकाच्या पायथ्याशी अशी वही नसते. नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी फुटला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची नोंदच कुठे नव्हती. राख तांबडा समुद्र आणि अरबस्तान ओलांडून गुजरात-राजस्थानवर आली आणि आपल्याकडची विमानं रद्द झाली, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

अर्थात नुसती वही असून भागत नाही. योग्यकार्ताच्या सुलतानाने नेमलेला मेरापीचा राखणदार म्बाह मरिजान 2006 मध्ये ‘खाली या’ म्हटल्यावरही हलला नाही आणि वाचला. त्याचं भलतंच नाव झालं. 25 ऑक्टोबर 2010 रोजी इशारा सर्वांत वरच्या पायरीवर गेला, तेव्हाही तो किनाह्रेजो या आपल्या गावातच थांबला. दुसऱ्या दिवशी लोट थेट गावावर आला आणि त्यात तो गेला. एकदा इशारा वाया गेला की पुढचा कुणी मनावर घेत नाही, हे मला त्या वहीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा भयंकर वाटतं. तरी त्या खेपेला लाखो लोक खाली उतरले. धोक्याची हद्द दहावरून पंधरा, पंधरावरून वीस किलोमीटर झाली आणि 5 नोव्हेंबरचा सर्वांत मोठा स्फोट झाला तेव्हा वरची गावं बरीचशी रिकामी होती.

मेरापीच्या राखेची आणि खडीची वाळू बांधकामाला उत्तम, त्यामुळे खालच्या नदीपात्रांत ट्रकांची रांग असते. तिथल्या माणसांना दरडींच्या आकड्यापेक्षा वरच्या पावसाचा आकडा हवा असतो. वर जोराचा पाऊस झाला की साठलेली राख आणि धोंडे चिखल होऊन एकदम खाली येतात. 2011 च्या जानेवारीत काली पुतिहच्या अशाच लोंढ्याने मागेलांग-योग्यकार्ता हमरस्ता बंद पाडला होता. म्हणून ट्रकवाल्यांजवळ वायरलेस सेट असतो. ‘वर पाऊस’ एवढे दोन शब्द आले, की अर्धवट भरलेला ट्रकसुद्धा पात्राबाहेर काढतात.