कुलूप एका फोल्डरला, सामान गाडीभर

नांदेडात माझं जुन्या लॅपटॉपच्या दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. तेव्हापासून विंडोज ११ न झेपणाऱ्या, पण धडधाकट मशीनवर मी लिनक्स मिंट टाकून देतो. गिऱ्हाईक खूश असतं. मग हमखास विचारतं, "एवढ्या एका फोल्डरला पासवर्ड लावून द्या की."

लातूरच्या ट्यूशन एरियात होस्टेल चालवणाऱ्या एका काकांना हेच हवं होतं. पोरांचे आधार, पालकांची पासबुकं, सगळं स्कॅन करून एका फोल्डरात ठेवलेलं, आणि त्याच मशीनवर मेसचा हिशोब. हिशोब करणाऱ्या वॉर्डनला वेगळं लॉगिन करून दिलं असतं, पण तिथे एकाचा पासवर्ड सगळ्यांना पाठ!

लिनक्समध्ये कुलूप नाही असं नाही. इन्स्टॉल करतानाच अख्खी डिस्क 'लक्स'ने एन्क्रिप्ट करता येते. लॅपटॉप एसटीत राहिला तर ते कामाचं. चालू मशीनमधून पेनड्राइव्हवर कॉपी करणाऱ्याला ते अडवत नाही. फक्त होम फोल्डर एन्क्रिप्ट करायची सोय, मिंट ज्यावर बेतलंय त्या उबंटूने २०१८च्या १८.०४ आवृत्तीत इन्स्टॉलरमधून काढली. मिंटने ती ठेवली, पण लॉगिन केलं की तेही कुलूप उघडंच.

उजव्या क्लिकवर 'एन्क्रिप्ट' हवं म्हणून शोधलं की क्लिओपात्राचं नाव निघतं. प्रोग्रॅम चांगला, पण केडीई या वेगळ्या डेस्कटॉपच्या घरातला. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर टाकायला जा, नवरदेवामागे वऱ्हाड यावं तशी केडीईच्या लायब्ररींची रांग लागते. काही पॅकेजांवाचून तो चालतच नाही; काही नुसती 'असलेली बरी', तरी उबंटू आणि डेबियनमध्ये तीही आपसूक येतात. सिनॅप्टिक या पॅकेज मॅनेजरच्या सेटिंगमध्ये अशा शिफारशीच्या पॅकेजांची खूण काढा, वऱ्हाड थोडं घटतं.

राग याचा येतो, की क्लिओपात्राच्या आड खरं काम करणारं जीपीजी मिंटमध्ये आधीपासूनच असतं, फक्त मेनूत दिसत नाही. 'निमो-सीहॉर्स' ही छोटी पुरवणी टाकली की दिसतं. ती मुळातच का देत नाहीत?

काकांना तीच टाकून दिली. एन्क्रिप्ट केल्यावरही मूळ फाइल जागेवरच राहते; ती काढून कचरापेटी रिकामी करायला शिकवलं. त्यांनी लगेच कुलूपबंद फाइल उघडून पाहिली, तर पासवर्ड न विचारताच उघडली. "हे कसलं कुलूप?" जीपीजी पासवर्ड थोडा वेळ लक्षात ठेवतं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तेव्हा कुठे विचारला.

"आणि विसरलो तर?" काकांनी विचारलं. म्हटलं, मग माझ्याकडे आणू नका, मलाही उघडता येणार नाही.