निरोप शाळेला, शिक्षणाला नाही



आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत बचत गटांचं काम करतो. इथली बरीच मुलं महानगरपालिकेच्या शाळेत शिकतात. यातल्या अनेक शाळा सातवीला संपतात, काही ठिकाणी आठवीचा वर्ग जोडलेला असतो. तुमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते, तसंच. म्हणून आज बोलूया शेवटच्या वर्गाच्या निरोप समारंभाविषयी.

गेल्या खेपेला गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "सातवीच्या समारंभाला कोण कोण जाणार?" दोनच हात वर झाले. एक ताई चार घरी कामाला जाते, खाडा झाला की पगार कापला जातो. दुसरी म्हणाली, "पोरांचा कार्यक्रम, आपलं काय काम?" तिसरी गप्प होती. नंतर कळलं, मुलीची वर्गणी द्यायची राहिली होती आणि तिला शाळेत जायची लाज वाटत होती.

मग ठरलं, जायचं तर सगळ्यांनी. वर्गणीऐवजी घरून पोहे आणि लाडू न्यायचे. बाईंनाही ते पटलं. मुलींनी आयांच्या साड्या नेसल्या. गटातलाच एक बाप रिक्षा बाहेर लावून खाकी कपड्यातच मागच्या बाकावर येऊन बसला.

त्याची मुलगी बोलायला उभी राहिली. तिने बाईंचे आभार मानले, खिचडी वाढणाऱ्या मावशींचे मानले आणि म्हणाली, "मला पुढे कुठे घालणार, ते अजून घरी ठरलं नाही." सगळे क्षणभर गप्प झाले. घरात विचार चालला होता, की आता तिने धाकट्या भावाला सांभाळावं. कार्यक्रम संपल्यावर तो बाप स्वतःच बाईंकडे गेला आणि विचारलं, "आठवीचा वर्ग जवळ कुठल्या शाळेत आहे?"

मैत्रिणींनो, घरच्यांनी समारंभाला जायचं ते यासाठी. शाळा बदलायची वेळ आली की मुलींची शाळा सुटायची भीती जास्त. एरवी कामाच्या धबडग्यात हा विषय निघत नाही. त्या दिवशी आई, बाप, मूल आणि शिक्षक एका जागी असतात. तेव्हा चार गोष्टी तिथेच बोलून घ्या.

पहिली, जूनमध्ये कुठली शाळा? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा सातवीलाच संपत असेल, तर दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

दुसरी, दाखल्यावरची माहिती. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात हे सगळं जन्मदाखल्याशी आणि आधारकार्डाशी ताडून बघा. चूक असेल तर शाळेत नाव असेपर्यंतच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर फार हेलपाटे पडतात. दाखल्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून घरी ठेवा.

तिसरी, जाण्यायेण्याची सोय. आमच्याकडे मोठा रस्ता ओलांडायचा असतो, म्हणून चार मुली मिळून जातात. तुमच्याकडे शाळा दुसऱ्या गावात असेल, तर अहिल्याबाई होळकर योजनेतून पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. तो शाळेमार्फत काढा.

चौथी, पैसा. आठवीत असताना एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आठवीत गेल्या गेल्या बाईंना अर्जाचं विचारा. आणि लक्षात ठेवा, शाळेतलं जेवण आठवीपर्यंतच असतं. नववीपासून डबा द्यावा लागेल.

समारंभाला खर्च फार लागत नाही. साडी मागून आणता येते, खाऊ घरून नेता येतो. गटातल्या एखादीचा खाडा होणार असेल, तर दुसरीने तिच्या एका घरचं काम सांभाळावं. आम्ही तसंच केलं.

आता आमच्या गटाचा नियम झाला आहे. जूनच्या पहिल्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, निरोप घेतलेली प्रत्येक मुलगी नव्या शाळेत बसली का? जी बसली नसेल, तिच्या घरी त्याच संध्याकाळी दोघींनी जायचं. रिक्षावाल्याची मुलगी आठवीत जाते आहे. तुमच्या गावच्या बैठकीतही हा प्रश्न विचारा.