व्हिक्टोरियन बायका फुलांतून निरोप धाडायच्या?

व्हिक्टोरियन पोशाखाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं: तेव्हाच्या इंग्रज बायका केसांत, छातीवर, झग्याच्या घोळावर फुलं लावून प्रियकरांना गुप्त निरोप द्यायच्या. पिवळा गुलाब म्हणजे मत्सर, फूल उलटं धरलं की अर्थ उलटा. रील्सवर तर याचे तक्तेच फिरतात, जणू सगळ्यांनी एकाच शाळेत ते पाठ केले होते.

पुस्तकं होती, हे खरं. शार्लोत द लातूर या टोपणनावाने १८१९ साली पॅरिसला फुलांच्या अर्थांचं एक पुस्तक निघालं, गाजलं आणि इंग्लंडात तशा पुस्तकांचं पीक आलं. केट ग्रीनअवेचं सचित्र पुस्तक १८८४चं. पण ही भेट द्यायची, दिवाणखान्यात मिरवायची पुस्तकं. या वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या बेव्हर्ली सीटन यांना (१९९५) लोक खरोखर त्यानुसार निरोप पाठवत असल्याचा पुरावा जवळजवळ मिळालाच नाही. शिवाय या कोशांचं आपसांत पटत नाही. तिचा कोश एक आणि त्याचा दुसरा असला, तर होणारं लग्नही मोडायचं! ग्रीनअवे लव्हेंडरचा अर्थ देते अविश्वास. मग कपड्यांच्या कपाटात लव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवणाऱ्या गृहिणींचा आपल्याच चादरींवर संशय होता की काय?

सगळंच थोतांड नव्हे. लग्नात संत्र्याची फुलं माळण्याचा संकेत सर्वांना कळत होता. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीने लग्नात त्यांचाच मुकुट घातला होता. मात्र तो उघड रिवाज होता, त्यात गुपित कसलं?

  

आणि अंगावर मिरवायची फुलं नेहमी ताजी नसत. नाचाच्या झग्यांवर कापडाची, मेणाची फुलं सर्रास असत. त्यांच्या हिरव्या पानांत आर्सेनिकयुक्त रंग. लंडनमध्ये अशा पानांवर हिरवी पूड लावणारी १९ वर्षांची मॅटिल्डा शोयरर नोव्हेंबर १८६१मध्ये विषबाधेने मेली. पुढच्या फेब्रुवारीत रसायनतज्ज्ञ हॉफमान यांनी ‘द टाइम्स’मध्ये लिहिलं, की डोक्यावरच्या अशा एका साजात वीस माणसं मारण्याइतकं आर्सेनिक असतं.